दांड्यावरची रेघ

तिथे नको, तिथे नका ठेवू सर, त्या टेबलावर ग्रीस सांडलंय — हां, इथे द्या, माझ्या हातात द्या. आणि बसा. स्टूल डुगडुगतं, पण पडत नाही, वीस वर्षं डुगडुगतंय. तर काय म्हणालात — तोंड दिसलं पाहिजे? दिसेल की. सगळ्यांनाच तोंड बघायचं असतं. सायकल जुन्या घाटणीची पाहिजे, हँडल मिशीसारखं वळलेलं पाहिजे, सीट तपकिरी चामड्याचं, घंटी पितळेची, मडगार्डावर सोनेरी रेघ — आणि चकाकी मात्र काल कारखान्यातून निघाल्यासारखी! म्हणजे म्हातारं पाहिजे, पण सुरकुती नको. अहो, रागावू नका, तुम्हाला नाही म्हणत. तुम्ही शाळेत शिकवता ना? बघा, मला आठवतं. हिरवी सायकल, मागे वेताची टोपली, रविवारी सायकली घेऊन फेरीला निघणाऱ्या मंडळींत सगळ्यात शेवटी असता. शेवटी म्हणजे वाईट अर्थाने नाही हो. शेवटच्याला सगळ्यांच्या पाठी दिसतात, त्यातही मजा असते. मी जन्मभर तेच बघत आले.

हे अल्युमिनियम आहे, बरं का. पांढरी बुरशी धरल्यासारखं झालंय, पण आतून निरोगी आहे, वाजवून बघा — टण्ण. आधी पाणी लावून खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग हे कापडी चाक आणि ही हिरवी वडी. एका हँडलला अख्खी दुपार जाते. ही बोटं बघा, आता काळी ती काळीच. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं, कशाने निघत नाही. शनिवारी न्या. — कोण करणार म्हणजे? मीच. आता दुसरं आहे कोण इथे? आणि आधीही मीच करत होते, तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं इतकंच. तुम्हाला वाटायचं उस्ताद करतो. वाटणारच! माझा भाऊ पुढे उभा असायचा ना, कमरेवर हात ठेवून. उस्तादने आयुष्यात एकदाही ह्या चाकाला हात लावलेला नाही. नाकात धूळ जाते म्हणायचा. माझं नाक काय भाड्याने आणलेलं होतं?

काय? — रविवारी बैठक आहे? कसली? — अच्छा. अच्छा, असं आहे होय. म्हणजे हँडल हे निमित्त. तरी म्हटलं, दोन वर्षांत रविवारच्या मंडळींपैकी एकाची सावली इथे पडली नाही आणि आज सर स्वतः कसे आले. त्याला परत घ्यायचं का नाही, हे ठरवायचंय. कोणी काढलं? त्याने अर्ज केला? — नाही? तुम्हीच काढलात? वा. दोन वर्षं झाली म्हणून? दोन वर्षं झाली की काय होतं सर, कुणाचं मनगट सरळ होतं का? डॉक्टरबाईंचं झालं? दात उपटायला मनगट वळावं लागतं, त्यांचं वळत नाही, अजून नाही वळत. दवाखान्यात आता दुसराच कोणीतरी पोरगेला डॉक्टर बसतो आणि बाई बाहेर टेबलावर बसून नंबर लावून घेतात. स्वतःच्या दवाखान्यात! आणि तुमची मंडळी म्हणणार, झालं गेलं विसरून जाऊ, या उस्ताद, आमच्या सायकलींना परत हात लावा.

बहिणीचं म्हणणं काय ते विचारून या, असं सांगितलं त्यांनी? बरं. बहिणीचं म्हणणं तेच, जे तेव्हा तुमच्या बैठकीत सांगितलं. हँडल त्याने वर केलं. मी दुकानात नव्हते, चाकात घालायचे छर्रे आणायला गेले होते. संपलं. लिहून घ्या आणि निघा. — नाही, बसा, बसा, एवढं काय लगेच उठायचं. आलाच आहात तर ऐका. मला तरी कोण भेटतं बोलायला! सायकली ऐकतात, पण मान हलवत नाहीत.

दुकान आमच्या वडिलांचं. तेव्हा पंक्चर, ब्रेकचे रबर, भाड्याच्या सायकली, एवढंच. मी अकरा वर्षांची असताना चाकाचा आऊट काढायला शिकले — चाक वेडंवाकडं फिरतं ना, ते एकेक तार आवळून सरळ करायचं. वडील म्हणायचे, हिच्या कानात तराजू आहे, तार वाजवून सांगते किती ढिली आहे ते. भाऊ तेव्हा पाच वर्षांचा, दारात बसून छर्रे मोजायचा आणि तोंडात घालायचा. एक गिळलाही होता. दोन दिवस घरात सगळ्यांचं लक्ष फक्त त्याच्याकडे. तिथपासूनच म्हणा की! वडील गेले तेव्हा मी बत्तीसची आणि तो सव्वीसचा. दुकान दोघांच्या नावावर झालं, पाटीवर मात्र एकाचंच आलं. मी काही म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं का? पाहिजे होतं. पण तेव्हा वाटलं, घरातल्या घरात काय, नाव कोणाचं का असेना.

आणि खोटं कशाला बोलू, जुन्या घाटणीच्या सायकलींची कल्पना त्याचीच. भंगारात पडलेली, गंजलेली, एक चाक नसलेली सायकल असायची, आणि हा तिच्याभोवती फिरायचा, मान वाकडी करून बघायचा, आणि म्हणायचा — ताई, हिला बदामी रंग, काळं सीट आणि हँडल खाली उतरतं. आणि खरंच हो, तसं केलं की ती अशी उभी राहायची की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. डोळा होता त्याला. नाही म्हणणार नाही. शिवाय चालवायचा कसा! दोन्ही हात सोडून, गळ्यात मफलर, ह्या चौकातून त्या चौकात, आणि फोटो काढणारे मागे. बोलणं तर काय, साखरेत घोळलेलं. पण डोळ्याने गंज निघत नाही ना सर. गंज मी काढायचे. रंग खरवडायचा मी, सोनेरी रेघ मारायची मी — श्वास रोखून, एका दमात, हात टेकवायचा नाही — छत्तीस तारांचं चाक विणायचं मी. आणि मग पुढच्या खोलीत सायकल उभी करून हा त्या सीटवर हात ठेवणार, आणि लोक म्हणणार, उस्ताद, कमाल केलीत. आणि हा काय म्हणणार? "अहो, कसली कमाल!" बघा, नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा दिसतो. फणा पण काढत नाही.

डॉक्टरबाईंची सायकल — चार महिने. चार महिने मी दुसरं काही हातात घेतलं नाही. त्यांच्या आईची सायकल होती ती. आई तिच्यावरून टपाल वाटायची. गोठ्यात... नाही, गोठा कुठला, जिन्याखाली पडली होती कितीतरी वर्षं. बाई म्हणाल्या, आई होती तेव्हा मी मागे बसायचे, आता मला पुढे बसायचंय. कसं बोलतात बघा लोक कधी कधी. मला लागलं ते. मी म्हटलं, हिचं काम असं करायचं की त्या आईने बघितलं असतं तर तिला सुद्धा ओळखू आली नसती, आणि तरी तीच असली पाहिजे. निकेल उडालेलं होतं, हब जाम होते, सगळं सुटं केलं. एकेक नट. आणि हँडलचा दांडा — तुम्ही लोक स्टेम म्हणता तो — तो बघा, असा असतो. इकडे हँडल बसतं आणि हा उभा भाग खाली सायकलीच्या मानेच्या नळीत जातो. आता हँडल उंच हवं तर दांडा थोडा वर ओढायचा आणि बोल्ट आवळायचा. पण किती वर? तर त्यावर एक रेघ असते. नखाला लागेल न लागेल एवढी, कोरलेली. ती रेघ नळीच्या बाहेर दिसता कामा नये. दिसली तर समजायचं, आत फार थोडा उरलाय, कधी पण उपटून येईल. साधी गोष्ट आहे. पंक्चरवाल्यालाही माहीत असते.

शिवाय, सर, रेघ नाही बघितली तरी कळतं. कारण पॉलिश करणारा दांड्याचा वरचाच भाग घासतो, जो दिसणार असतो तो. खालचा नळीत जाणारा, तो कोण बघतंय? तो काळपट, खरबरीतच ठेवतात. म्हणजे हँडल वर घेताना चकाकी संपली आणि काळपट भाग दिसायला लागला की हात आपोआप थांबतो. सगळे असंच करतात. सगळे. मी नाही करत. वडील म्हणायचे, जे दिसणार नाही ते आधी साफ कर, दिसणारं काय, कोणीही करतं. सीटच्या खालचा भाग, मडगार्डाची आतली बाजू, चेनकव्हरची पाठ — माझ्या सायकलीत कुठेही बोट फिरवा. तर मी तो दांडा पण —

असू दे. तुम्हाला चहा सांगू का?

नको? — बरं, मग आता अर्धं बोलून कशाला थांबू. तो दांडा मी अख्खा घासला. टोकापासून टोकापर्यंत. असा झाला होता की काचेचा वाटावा. आणि रेघ गेली. चाकाखाली पुसली जाताना मला दिसली. म्हणजे होती, मग पुसट झाली, मग नव्हती. मी म्हटलं, हरकत नाही, नंतर टोच्याने परत कोरू. आणि नाही कोरली. का म्हणजे? कारण इतका सुंदर झाला होता, त्याच्यावर ओरखडा काढायला हात होईना. उद्या करू, उद्या करू. आणि मग बसवून टाकला. बसवताना मी बरोबर मापात बसवला, खाली, पक्का. माझ्या हातून निघाली तेव्हा ती सायकल सोळा आणे ठीक होती. हे लक्षात ठेवा.

हो. कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही पहिले. बघताय काय असं? पोलीस आहात का शिक्षक आहात?

आता बैठक आठवा. तुम्ही होतात ना? कोपऱ्यात होतात, मला आठवतं. बाई इस्पितळात, उतारावर खड्डा आला, बाईंनी हँडल ओढलं आणि ते सगळं दांड्यासकट त्यांच्या हातात आलं, हे सगळ्यांना कळलेलं. तो दांडा टेबलावर ठेवलेला, कोणीतरी रुमालात गुंडाळून आणला होता, पुरावा म्हणे. आणि माझ्या भावाने तो उचलला. असा फिरवला. एकदा, दोनदा. अंगठा फिरवला त्याच्यावर, जिथे रेघ असायला पाहिजे तिथे. आणि त्याला कळलं. मी समोर बसले होते, मला दिसलं त्याला कळताना. त्याने वर बघितलं, माझ्याकडे. मी म्हटलं, झालं, आता बोलेल. आता चारचौघांत म्हणेल, ही रेघ माझ्या बहिणीने पुसली. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. निदान चारचौघांत एकदा तरी कळेल की हे काम माझं होतं! आणि तो काय म्हणाला? "खूण न बघता मी वर केलं. चूक माझी." बस. एवढंच. दांडा खाली ठेवला आणि बसला. आणि तुमचे लोक काय म्हणाले, ऐकलंत ना? एक जण म्हणाला — काढून टाकताना सुद्धा बरं का — म्हणाला, माणूस म्हणून उस्ताद मोठाच.

मोठाच! हसू येतं मला. अहो, माझं चाक त्याचं, माझी सोनेरी रेघ त्याची, माझे चार महिने त्याचे — आणि माझी चूक, माझ्या हातून झालेली, माझ्या स्वतःच्या पॉलिशची चूक, ती सुद्धा त्याने आपल्या नावावर करून घेतली! मला निदान तेवढी तरी ठेवायची! त्या संध्याकाळी घरी आला, हात धुतले, आणि म्हणाला, ताई, दुकान तू बघ. आणि गेला. आता त्या गोदामात खोकी उचलतो. सकाळी इथून चालत जातो, त्या पलीकडच्या फुटपाथवरून. चालत, सर. सायकलने नाही. इकडे बघत नाही. मी पण कामात मान खाली घालते. वहिनी मध्ये एकदा आली होती, दारातच उभी राहिली, म्हणाली, ते रात्री झोपत नाहीत, तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी. मी म्हटलं, मी काय बोलू, मोठ्या माणसाशी मी काय बोलणार. वाईट वागले. माहीत आहे मला. त्याची उपकाराची बुद्धी मला नको होती, त्याचा राग चालला असता. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघं मिळून शटर उघडलं असतं.

तर रविवारी सांगा त्यांना. सांगा, रेघ बहिणीने पुसली. मी येते हवं तर, उभी राहून सांगते. तुमची एकही सायकल इथे आली नाही तरी चालेल, नाहीतरी कुठे येतायत. पण वर त्याने केलं, हेही सांगा, अर्धं त्याचं आहेच. बाई सीटवर बसल्या, म्हणाल्या, पाठ फार वाकते हो, थोडं उंच करता का. आणि ह्याने लगेच पाना काढला. उस्ताद ना! बोल्ट ढिला केला, आतली पाचर सुटायला वरून हातोडीचा एक टोला, मग दांडा वर. बाई बसल्या. अजून थोडं. परत दोन बोटं वर. बाई म्हणाल्या, हां, आता माझी आई कशी ताठ बसायची तसं वाटतंय. आणि हा हसतोय. अहो, आणखी एक बोट वर घेतलं त्याने, उगाच, शोभेसाठी! आणि चकाकी काही संपेना, कारण मी खालपर्यंत... तेव्हा एकदा, फक्त एकदा मागे वळून विचारायचं होतं, ताई, रेघ कुठे आहे गं? एक हाक. दहा पावलांवर मी उभी —

काय? काय झालं?

काही नाही म्हणजे? तुम्ही असे का बघताय?

— हो. हो, होते. होते मी दुकानात. छर्रे सकाळीच आणून ठेवले होते. त्या पडद्यामागे उभी होते, तो बघा, तो मधला पडदा, अजून तोच आहे. झालं समाधान? मास्तर लोकांना चुका काढायची सवयच असते. उभी होते, कारण थोड्या वेळापूर्वी बाई आल्या तेव्हा मीही पुढे आले होते, चार महिने ज्यांच्यासाठी घासत होते त्यांचं तोंड बघावं म्हणून. बाईंनी सायकल बघितली आणि त्यांना रडूच फुटलं. त्याचे दोन्ही हात हातात घेतले त्यांनी. त्याचे, स्वच्छ हात. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ह्या कोण? आणि माझा भाऊ म्हणाला — "ही माझी ताई. पुसापुशीचं सगळं हीच बघते." पुसापुशीचं! म्हणजे मी फडका मारते! त्याच्या मनात वाईट नव्हतं, माहीत आहे मला, त्याच्या मनात कधीच काही वाईट नसतं, तेच तर माझं दुखणं आहे. मी आत गेले आणि पडद्याच्या फटीतून बघत राहिले. आणि हँडल वर गेलं, आणि मी बघितलं. मला माहीत होतं रेघ कुठे होती. जगात मला एकटीला माहीत होतं. मी म्हटलं, विचारेल. विचारेल, मग सांगेन. नाही विचारलं. बाई गेल्या. घंटी वाजवत गेल्या.

बुधवार होता तो. पडल्या रविवारी. मोजू नका, मी मोजलेत — गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शुक्रवारी गेले होते मी दवाखान्यापाशी, पाना घेऊन, ह्या पिशवीत. दोन मिनिटांचं काम. सायकल बाहेरच उभी होती स्टँडवर. आणि सर, काय दिसत होती! हँडल वर घेतल्यावर अशी काही डौलदार दिसत होती, माझी मलाच ओळखू येईना. मी पाना काढला सुद्धा. तेवढ्यात दोन जण थांबले, एक दुसऱ्याला म्हणाला, बघ, उस्तादचं काम. मी पाना पिशवीत टाकला आणि घरी आले. आणि असंही नाही हं की मला वाटलं पडू दे बाईंना. शपथेवर सांगते, तसं नव्हतं. मी म्हटलं, सोमवारी. त्या कुठे एवढ्यात उतारावर जातायत. रविवारी तुमच्या मंडळींनी त्यांना नेलं. पहिली फेरी म्हणून हार घालून नेलं.

हे नका सांगू बैठकीत. रेघेचं सांगा. रेघ पुसली गेली, ती कामातली चूक आहे, कोणाच्याही हातून होते. पडद्याचं आणि शुक्रवारचं नका सांगू. सांगाल? तुमचा चेहराच कळत नाही. त्याला काय माहीत आहे? त्याला फक्त रेघेचं माहीत आहे. आत गेले ती मागच्या दाराने छर्रे आणायला बाहेर पडले असंच त्याला वाटतं, पडद्यामागे होते हे माहीतच नाही, त्याची पाठ होती माझ्याकडे.

काय म्हणालात?

परत बोला. — काल? तुम्ही काल गोदामात गेला होतात त्याच्याकडे? मग आल्या आल्या सांगितलं का नाही? एवढा वेळ मला बोलू दिलंत. — काय म्हणाला? तसंच सांगा, त्याच्याच शब्दांत सांगा, तुमची भाषा घालू नका.

"ताई खाकरली नाही, म्हणून मी वर घेत गेलो."

असं म्हणाला? आणि हे बैठकीत काढू नका म्हणाला. — हो. ते म्हणणारच.

तुम्हाला कळलं नसेल त्याचा अर्थ. विचारलंत तुम्ही त्याला? नाही सांगणार तो. वडील गेल्यावर तो एकटा पुढे बसून काम करायचा, गिऱ्हाईक समोर, मी मागे. त्याचं चुकलं तर गिऱ्हाइकासमोर कसं बोलायचं, त्याचा मान जाईल. म्हणून मी नुसती खाकरायचे. अशी. आणि तो मागे न बघता थांबायचा. पाना चुकीचा उचलला, खाकरले, ठेवायचा. बोल्ट जास्त आवळला, खाकरले, सैल करायचा. तेवीस वर्षं. एकदा पण वळून बघितलं नाही त्याने, कारण गरजच नव्हती. सगळ्या गावाला वाटायचं, उस्तादचा हात कधी चुकत नाही.

आणि त्या दिवशी त्याने तीनदा वर घेतलं. दोनदा बाईंनी सांगितलं म्हणून. तिसऱ्यांदा उगाच नव्हतं घेतलं हो. थांबला होता तो त्याआधी. हातोडी हातात धरून, कान मागे लावून थांबला होता जरासा, मला आठवतंय. मला वाटलं, ऐट करतोय.

नाही, पाणी नको. काही नको मला. तुम्ही उठा सर. — नाही, रविवारचं मला काही विचारू नका आता, तुम्हाला काय सांगायचं ते सांगा. स्टुलाला पाय लागेल, जपून. दुकान बंद आहे. उघडं दिसत असलं तरी बंद आहे. जा तुम्ही.